हो म्हणून बसले

सकाळी वॉर्ड ऑफिसात जाऊन वेरा भरला, म्हणजे बडोद्यातल्या या वाड्याची घरपट्टी. पावती कपाटात, यांच्या नावाची. आधी हे लिहून ठेवते, कारण दुपारी त्या पावतीचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

ओट्यावर मेथी निवडत बसले होते. एक म्हातारे गृहस्थ, बरोबर नात असावी, दारातून आत डोकावत उभे. मराठीच. "आम्ही इथे राहायचो, पागेवाल्यांच्या वाड्यात. चौक बघितला तर चालेल?" म्हटलं, या. चौकात उभे राहून वरच्या गॅलरीकडे बघत राहिले, आणि मग अगदी सहज विचारलं, "तुम्ही इथे भाड्याने?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं? मेथी राहिली बाजूला, तेव्हापासून हेच चाललंय. दारावर आमच्या नावाची पाटी आहे, पण पाटी काय, भाडेकरूही लावतो. मी सांगायला हवं होतं, वाडा आमचा आहे. सासऱ्यांनी, अण्णांनी, घेतला तेव्हा सासूबाईंच्या, माईंच्या, पाटल्या गेल्या. पाटल्यांचं जाऊ दे.

मी लग्न होऊन आले ती मागच्या दोन खोल्यांत. तेव्हा आम्ही भाडेकरूच होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडं द्यायला माई मला पाठवायच्या आणि मी जिन्याखाली चपला काढून वर जायची. वरच्या आजी, म्हणजे पागेवाल्यांच्या घरातल्या मालकीणबाई, पैसे मोजून घ्यायच्या, पाणी विचारायच्या, बस म्हणायच्या नाहीत. भाडं तरी किती! 1947 चा मुंबईचा भाडेकायदा गुजरात वेगळं झाल्यावरही इथे चालूच राहिला, आणि त्यात जुन्या घरांचं प्रमाण भाडं म्हणजे 1 सप्टेंबर 1940 ला जे होतं ते. वर्षभराचं सगळ्यांचं भाडं एकत्र केलं तरी चौकाभोवतीची कौलं चाळून झाली नसती. बडोदा संस्थान 1949 च्या मे महिन्यात मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर पागेवाल्यांकडे पागा नाही, घोडे नाहीत, नुसतं आडनावासारखं चिकटलेलं नाव आणि आमच्यासारखी न हलणारी बिऱ्हाडं. शेवटी वारसांनी आम्हालाच विकला. भाडेकरूंसकट वाडा दुसरं कोण घेणार होतं?

पण नाव त्यांचंच. सागवानी खांबांना वाळवीचं औषध आम्ही मारलं, 2001 च्या भूकंपात मागच्या भिंतीला भेग गेली ती आम्ही बुजवली, आणि रिक्षावाल्याला सांगायचं काय, तर पागेवाल्यांचा वाडा. उद्या बिल्डर येऊन उभा राहिला की तोही इमारतीला त्यांचंच नाव देईल. आमची या घरात कुठे खूणच नाही असं वाटून संध्याकाळी उगाच डोळे भरून आले.

मग वाटलं, हे ठरवतं कोण? तांबेकर वाडा बघा. भाऊ तांबेकर दिवाण होते गेल्याच्या गेल्या शतकात. भिंतींवर, छतावर ती सगळी चित्रं, आणि आज वाडा पुरातत्त्व खात्याकडे. तरी तांबेकरांचाच. म्हणजे नाव मूळ मालकाचं, असं म्हणावं तर आमच्या दांडिया बाजारातला अरविंदांचा बंगला. घर संस्थानचं. अरविंद घोष 1893 ते 1906 संस्थानच्या नोकरीत होते, म्हणून तिथे राहिलेले. नाव लागलं राहणाऱ्याचं. बरं, राहण्याचंही काही खरं नाही. 1908 च्या जानेवारीत ते विष्णु भास्कर लेले या योग्यांबरोबर तीन दिवस ध्यानाला बसले ते मुजुमदारांच्या वाड्यात, माडीवर. तो वाडा मुजुमदारांचाच राहिला. आम्ही ध्यान वगैरे केलेलं नाही, त्यामुळे आमची बाजू आणखीनच लंगडी.

त्या गृहस्थांनी आणखी एक केलं. ओसरीच्या तुळईला कड्या आहेत. मी इतकी वर्षं समजत होते की अण्णांनी बसवल्या. त्यांनी नातीला दाखवलं, "या कड्या माझ्या वडिलांनी लावल्या. संखेड्याहून झोपाळा आणला होता, लाल-सोनेरी." म्हणजे ज्या झोपाळ्यावर बसून मी माईंची बोलणी खाल्ली, तो ज्या कड्यांना लटकत होता त्याही एका भाडेकरूच्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. भाडेकरूने मालकाला न विचारता तुळईला भोकं पाडली याचं उलट बरंच वाटलं. आम्हीही मोरीला फरशी अशीच गुपचूप बसवली होती. वरच्या आजींना पहिल्याच दिवशी कळलं, बोलल्या मात्र दिवाळीनंतर.

आता कोणी म्हणेल, या जगात आपण सगळेच भाडेकरू. ते मला चालणार नाही. वेरा मी भरते.

जाताना त्यांनी फोन नंबर दिला. बहीण डोंबिवलीला असते, दिवाळीत येणार आहे, तिला एकदा चौक दाखवायचा आहे, चालेल का? आणि मी काय म्हणावं? "मालकांना विचारून सांगते."

रात्री यांना सांगितलं तर हे जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, परवानगी आहे म्हणून सांग, पण चपला जिन्याखाली काढायला लाव.

उद्या फोन करायचा. बहिणीलाही सगळं आठवत असणार, ती दहा प्रश्न विचारणार. दिवाळीत हे घरीच असतात, तेव्हा यांची ओळख कोण म्हणून करून द्यायची, तेवढं ठरवायला हवं.