असमतांची नोंदवही: छेदात क्ष आला की

रेषीय असमता (जिथे = ऐवजी लहान-मोठेपणाचं चिन्ह असतं आणि क्षचा वर्ग वगैरे नसतो) हातात बसल्या आहेत. त्यांतली एकच सवय इथे नोंदवतो, कारण पुढे तीच कामी येते. 7 − 3क्ष > 19 सोडवताना −3 ने भागायची वेळच येऊ देऊ नये. 3क्ष उजवीकडे न्या, 19 डावीकडे आणा: −12 > 3क्ष, म्हणून क्ष < −4. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, हे सगळ्यांना पाठ असतं (2 < 5, पण −2 > −5). घाईत नेमकं तेच राहून जातं. क्षचा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) धन राहील त्या बाजूला क्ष नेला की उलटवायला काही उरतच नाही.

आता खरं प्रकरण:

(2क्ष + 1)/(क्ष − 3) ≥ 1

समीकरणाच्या सवयीने तिरकस गुणाकार केला तर 2क्ष + 1 ≥ क्ष − 3, म्हणजे क्ष ≥ −4. ताळा करा: क्ष = 0 घेतल्यास डावी बाजू −1/3 येते, आणि ती 1 पेक्षा लहान आहे. उत्तर चुकलं. क्ष − 3 धन आहे की ऋण, हे ठाऊक नसताना आपण त्याने गुणलं, ही चूक. क्ष < 3 असेल तिथे चिन्ह उलटायला हवं होतं.

म्हणून गुणायचं नाही, 1 डावीकडे आणून समच्छेद करायचा:

(2क्ष + 1 − क्ष + 3)/(क्ष − 3) ≥ 0
(क्ष + 4)/(क्ष − 3) ≥ 0

कंस सोडवताना −(क्ष − 3) मधला −3 चा +3 होतो. सर्वात जास्त गफलत इथेच होते. संख्यारेषेवर −4 आणि 3 मांडा. तीन तुकडे पडतात, प्रत्येकातली एक संख्या मूळ असमतेत घालून बघा. −5 ला 9/8, चालतं. 0 ला −1/3, नाही. 4 ला 9, चालतं. टोकं वेगळी तपासा: −4 ला बरोबर 1 येतो, म्हणून भरीव ठिपका (टोक उत्तरात धरायचं), 3 ला छेद शून्य, म्हणून पोकळ (टोक वगळायचं).

उकल: क्ष ≤ −4 किंवा क्ष > 3.

दोन्ही बाजूंना (क्ष − 3)² ने गुणूनही हेच मिळतं, कारण वर्ग ऋण नसतो. मात्र तेव्हा छेद नजरेआड होतो आणि क्ष = 3 उत्तरात शिरतो. मला समच्छेदाची रीतच जास्त भरवशाची वाटते.

केवलमूल्यातही (| | ही खूण; चिन्ह सोडून संख्येची किंमत, जसं |−3| = 3) ताळा सोडू नये. |2क्ष − 5| = क्ष − 4 मधून क्ष = 1 आणि क्ष = 3 निघतात; उजवी बाजू अनुक्रमे −3 आणि −1 येते. केवलमूल्य ऋण नसतं, तेव्हा दोन्ही बाद. या समीकरणाला उकलच नाही.

पुढचं गणित: |क्ष − 1| + |क्ष + 2| ≤ 5. तुकडे −2 आणि 1 वर पाडा. उत्तर −3 ≤ क्ष ≤ 2 यायला हवं.