‘मे’च्या शेजारी कोण बसलंय ते बघा

शाळेत आपल्याकडून तक्ता पाठ करून घेतात: कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी किंवा शक्यता, माइट म्हणजे जरा कमी शक्यता. तक्ता खोटा नाही, पण एडिनबरात राहायला लागल्यावर कळतं की ही क्रियापदं एकटी फारशी हिंडत नाहीत. सोबत एखादं क्रियाविशेषण असतं आणि बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते त्यावरून समजतं.

हवेचंच घ्या. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तर समुद्रावरून दाट धुकं शहरात घुसतं. इथले लोक त्याला ‘हार’ म्हणतात. सकाळी ऑफिसात पहिला विषय तोच. ‘इट माइट लिफ्ट बाय नून’ असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ ‘दुपारपर्यंत धुकं विरेलही, बघू काय होतं ते’. ‘इट माइट जस्ट लिफ्ट’ म्हणजे लक्षणं काही खरी नाहीत, पण नशिबात असेल तर. आणि ‘इट मे वेल लिफ्ट’ ऐकलं की मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडायचा बेत करते. हा ‘वेल’ दिसतो किरकोळ, पण पारडं ‘होईल’च्या बाजूला झुकवतो. ‘कुड वेल’चंही तेच. ‘कॅन’ला मात्र तो अशा अर्थाने चिकटत नाही. ‘आय कॅन वेल इमॅजिन’ म्हणतात, पण त्याचा सूर ‘हो हो, आलं लक्षात’ असा असतो.

आपण हे काम एकेका अक्षरावर उरकतो. येईल, येईलच, येईलही, आला असेल, आला असावा. इंग्रजांकडे ‘च’ही नाही आणि ‘ही’ही नाही, त्यामुळे त्यांना वेगळा शब्द शेजारी आणून बसवावा लागतो. मीटिंगमध्ये कुणी ‘दॅट मे वेल बी ट्रू, बट’ अशी सुरुवात केली, की तो आपला ‘असेलही, पण’ समजायचा. तुमचं म्हणणं ऐकून घेतलंय, आता ते बाजूला ठेवलं जाणार आहे.

सगळ्यात लबाड शब्द ‘पॉसिबली’. मे किंवा माइटबरोबर आला तर तो शंका वाढवतो: ‘शी माइट पॉसिबली जॉइन अस’, म्हणजे तिचं ताट वाढून ठेवू नका. कान्टबरोबर आला की नेमका उलटा वागतो. ‘आय कान्ट पॉसिबली कम’ म्हणजे येणं शक्यच नाही, विषय संपला. त्यातच जागा बदलून ‘आय पॉसिबली कान्ट कम’ म्हटलं, तर पुन्हा ‘कदाचित जमणार नाही’. शब्द तेच, नुसती अदलाबदल. आणि ‘कुड यू पॉसिबली सेंड इट टुडे?’ या प्रश्नात तर शक्यतेचा संबंधच नाही. ती विनंती असते आणि काम आजच हवं असतं. आपल्याकडचा साहेब ‘आज पाठवा बरं का’ म्हणून मोकळा झाला असता.

मग माइट आणि पॉसिबली एकत्र आले की शक्यता निम्म्याची पाव होते का? गणिती डोक्याला तसं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये अशा जोड्यांना सुसंवादी म्हटलं: दोन्ही शब्द साधारण एकाच ताकदीचे असतात आणि मिळून एकच शंका दोनदा बोलतात, जसं आपण ‘कदाचित येईलही’ म्हणतो. ताकद जुळली नाही की वाक्य अडखळतं. ‘ही मे सर्टनली बी अ‍ॅट होम’ कानाला खटकतं. पण ‘यू मे सर्टनली गो’ अगदी व्यवस्थित आहे, कारण तिथे ‘मे’ परवानगीचा झाला. शेजारी बदलला की ‘मे’चा अर्थच बदलतो.

‘नो डाउट’ला भुलू नका. ‘ही विल नो डाउट बी लेट’मध्ये खात्रीपेक्षा तिरकसपणा जास्त, ‘येतील उशिरा, नेहमीसारखे’ असा. आणि ‘यू मस्ट शुअर्ली नो’ म्हणणाऱ्यालाच खात्री नसते, त्याला तुमच्याकडून होकार हवा असतो.

कारागिरांची स्वतःची एक जोडी आहे. आमच्या बॉयलरने थंडीत मान टाकली तेव्हा आलेला माणूस तासभर खाटखूट करून उठला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, ‘दॅट शुड होपफुली डू इट.’ शुडने झालंय असं सांगितलं आणि होपफुलीने हमी काढून घेतली. नाशिकचा आमचा प्लंबर ‘आता काय बघायचं काम नाही ताई’ म्हणून चहा मागायचा. गळती दोघांकडेही तितकीच व्हायची, हा भाग वेगळा.

गंमत सोडा, काही ठिकाणी हे धूसर शब्द महागात पडतात. मार्च १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी लिहिलं की युगोस्लाव्हियावर हल्ला ही ‘गंभीर शक्यता’ समजावी. सीआयएचे विश्लेषक शर्मन केंट यांनी नंतर विचारलं तेव्हा अहवालावर सहमत झालेल्यांपैकीच कुणाच्या मनात २० टक्के होते, तर कुणाच्या मनात ८०. आता ब्रिटिश गुप्तचर अहवालांसाठी मोजपट्टीच आहे: ‘रिअलिस्टिक पॉसिबिलिटी’ म्हणजे ४० ते ५० टक्के, ‘लाइकली’ ५५ ते ७५, ‘ऑलमोस्ट सर्टन’ ९५ आणि पुढे. २०२२ पासून इथल्या संरक्षण खात्याच्या युक्रेनवरच्या टिपणांत हेच शब्द दिसू लागले.

औषधाच्या पाकिटातल्या कागदावरही आकडे असतात. सासूबाई इथे आल्या की तो कागद चष्मा लावून वाचतात आणि प्रत्येक ‘मे’ला घाबरतात. पण तिथे ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणजे दहात एकापर्यंत, ‘अनकॉमन’ म्हणजे शंभरात एकापर्यंत आणि ‘व्हेरी रेअर’ म्हणजे दहा हजारांत एकापेक्षाही कमी. ‘मे’ सगळीकडे तोच. परदेशात औषध घेताना त्याच्या आजूबाजूचं वाचा.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडच्या हॉइक गावात याहून मजेशीर प्रकार आहे. तिथली जुनी माणसं दोन मोडल, म्हणजे कॅन-मेच्या जातीची क्रियापदं, सरळ एकापुढे एक ठेवतात: ‘माइट कुड’. तिथलेच एक गृहस्थ आमच्या ऑफिसात आहेत, ते ‘आय माइट कुड कम सॅटरडे’ म्हणतात. बाकीच्यांना ते चुकीचं वाटतं. मला ते चटकन कळतं, कारण आपलं ‘कदाचित येता येईल’ हेच आहे. प्रमाण इंग्रजीत त्यासाठी ‘माइट बी एबल टु’ अशी लांबण लावावी लागते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांनी ‘माइट कुड’ ऐकलं असेलच. तिकडे आणखी कुठल्या जोड्या चालतात ते कळवा.