आमची वाटचाल : जुनी कार्डं आणि ड्रायव्हरची निवड

फोटो एडिटिंग करणारी आमची फर्म छोटी. सुरुवात सेकंडहँड डेस्कटॉपवर झाली: आत एएमडीची 8 जीबीची आरएक्स 580 ग्राफिक्स कार्डं, वर लिनक्स आणि डार्कटेबल हे रॉ फोटो एडिट करण्याचं सॉफ्टवेअर. ही कार्डं 2017 सालची, पण ठणठणीत. चालती वस्तू टाकून देणं मला आजही पटत नाही.

पहिलं वर्ष सगळं काम सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवरच ओढलं. हिशेबाचं काम ग्राफिक्स कार्डवर टाकणारं ओपनसीएल सुरू करायचं ठरलं तेव्हा जो तो आरओसीएम या एएमडीच्या सॉफ्टवेअर संचाचं नाव घेत होता, म्हणून तेच बसवलं. ओपनसीएलला कोणती कार्डं दिसतात ते सांगणारं सीएलइन्फो चालवलं, तर डिव्हाइस शून्य! दोन दिवस मी पुन्हापुन्हा इन्स्टॉल करत राहिलो. उत्तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या लॉगमध्ये होतं. केएफडीने (आरओसीएम ज्यातून कार्डपर्यंत पोचतं तो कर्नलमधला भाग) कार्ड वगळलं होतं आणि पुढे कारण दिलं होतं, 'पीसीआय रिजेक्ट्स ॲटॉमिक्स'. आमची कार्डं पोलॅरिस पिढीची. या पिढीला आरओसीएमसाठी पीसीआय एक्स्प्रेस ॲटॉमिक्स लागतात, म्हणजे कार्ड आणि सीपीयू यांना मेमरीतली एकच जागा मध्ये खंड न पडता बदलू देणारी सोय. आमच्या मदरबोर्डांत ती सोयच नव्हती. शिवाय आरओसीएमच्या नव्या आवृत्त्यांच्या अधिकृत यादीतही ही पिढी नाही. तेव्हापासून आधी लॉग वाचायचा, मग हात लावायचा, हा आमचा नियम.

मग मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर संचाकडे वळलो. त्यातलं जुनं ओपनसीएल, क्लोव्हर, आमच्या कार्डांवर इमेज सपोर्ट देत नव्हतं आणि त्याशिवाय डार्कटेबल कार्ड स्वीकारत नाही. मेसा 22.3 मध्ये, 2022 साली, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं नवं ओपनसीएल, रस्टिकल, आलं. ते केएफडीच्या वाटेने जातच नाही, त्यामुळे ॲटॉमिक्सचा अडसर उरला नाही. मात्र तेव्हा ते आपोआप सुरू होत नव्हतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये रेडिऑनएसआय हे आमच्या कार्डांच्या मेसा ड्रायव्हरचं नाव द्यावं लागलं. क्लोव्हरची आयसीडी फाइल (ओपनसीएलला ड्रायव्हर कुठे आहे ते सांगणारी) मागे राहिल्याने एकच कार्ड दोनदा दिसत होतं, ती काढली.

तरी लगेच गिऱ्हाइकाचं काम त्यावर चढवलं नाही. एकच रॉ फाइल सीपीयूवर आणि कार्डवर एक्सपोर्ट केली, दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून फरक पाहिला. सावलीच्या भागात रंग जरा जरी सरकला असता तर मी कार्ड बंदच ठेवलं असतं, वेग कितीही मिळो.

पुढे एनव्हिडियाची केपलर या जुन्या पिढीची कार्डं असलेली दोन मशीनं आली. त्यांच्यासाठी 470 ही शेवटची ड्रायव्हर मालिका आणि कूडा 12, म्हणजे कार्डवर हिशेब चालवण्याच्या एनव्हिडियाच्या प्रणालीची ती आवृत्ती, त्यांना चालत नाही. जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर अडू नये म्हणून तिथे एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट असलेला कर्नल ठेवलाय. आता प्रत्येक मशीनच्या कॅबिनेटवर एक चिठ्ठी असते: कार्डची पिढी, कर्नल, ड्रायव्हर आणि तुलना केल्याची तारीख. अपडेट झालं की तुलना पुन्हा करायची आणि तारीख बदलायची.