कंबरेपर्यंत

नाशिकला पूर फुटांत मोजत नाहीत. सरकारी कागदावर मोजत असतील. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखाली पातळी किती, हे आकडे हल्ली मोबाइलवर येऊन पडतात. पण गावातला माणूस एकच विचारतो, "मारुतीला कितीपर्यंत लागलं?" रामकुंडाजवळ पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची फूटपट्टी. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. मारुती दिसेनासा झाला की मोठा पूर. त्याच्याही वर नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे, पण तिच्यापर्यंतचं पाणी हा आजोबांनी सांगायचा विषय.

(गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. "गंगेवरून भाजी घेऊन येते" असं म्हटलं की बाहेरगावचा पाहुणा दचकतो. बुधवारचा बाजार गंगेवरच भरतो, त्यात दचकण्यासारखं काही नाही.)

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं भांडीबाजारात दुकान होतं. तिचं नाव लिहीत नाही. हजेरीपटावरच्या त्या नावानं मी तिला कधी हाक मारली नाही, आणि जी मारायचे ती छापण्यासारखी नाही.

पावसाळ्यात दुकानात पाणी शिरणार हे धरलेलंच असायचं. प्रश्न कधी एवढाच. काकांचा हिशोब पक्का होता. मारुतीच्या गुडघ्याला लागलं की खालच्या फळीवरच्या पराती वर, कंबरेला लागलं की हंडे-कळशा माळ्यावर, छातीला लागलं की कुलूप. मात्र ऐकीव पाण्यावर ते चमचाही हलवायचे नाहीत. "लोक वाढवून सांगतात. जाऊन बघून या," म्हणायचे. तिचा भाऊ तेव्हा लहान. मग आम्ही दोघी एका छत्रीत निघायचो. काकू मागून ओरडायच्या, "लांबूनच बघा गं!" आम्ही लांबूनच बघायचो, फक्त फार वेळ बघायचो. गढूळ पाण्यातून कुणाचं तरी पिंप, ओंडके, एकदा तर चक्क एक टपरी वाहत आलेली. पळत परत येऊन ती दारातूनच निकाल सांगायची: "कंबर!" की लगेच साखळी लागायची. काका, दुकानातले दोघं, मधे आम्ही. तांब्या-पितळेचा तो आवाज अजून कानात आहे. पितळी कळशी हातात आली की तिच्यावर टिचकी मारल्याशिवाय ती पुढे देत नसे. काका वैतागायचे. एका पुरात त्यांनी तिला या साखळीतून काढून पुन्हा मारुती बघायला पाठवलं, आणि मला एकटीला भांडी उचलायला ठेवलं. त्या अन्यायावर आम्ही पुढे वीस वर्षं भांडलो.

माप हाताशी होतंच, मग ते सगळ्याला लागू लागलं. दहावीचं गणित: छाती. संस्कृत: जेमतेम घोटा. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आतल्या खोलीत येऊन तिनं कानात विचारलं, "कितीपर्यंत?" मी म्हटलं, "गळा." पोहे घेऊन तीच बाहेर गेली आणि पाहुण्यांशी इतकं बोलली की त्यांनी चुकून तिच्याबद्दलच विचारणा केली.

लग्न होऊन मी ठाण्याला गेले, ती इंदिरानगरला. तिचा फोन आला की ठाण्यात बसून कळायचं, नाशिकला पाऊस कसा आहे. २००८च्या सप्टेंबरात तिनं फोनवर नुसतं "बुडाला!" असं सांगितलं, आणि दुकानाचं नुकसान डोळ्यांपुढे असूनही तिचा आवाज शाळा सुटल्यासारखा होता. २०१६च्या ऑगस्टमध्येही तसाच फोन. तोवर काका गेले होते, दुकान विकलं होतं. तरी ती गंगेवर जाऊन बघून आली होती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तिच्या तपासण्या सुरू झाल्या. कॅन्सर हा शब्द आमच्या बोलण्यात एकदाच आला, तोही तिनं घाईघाईत उरकला. पुढे मी फोन केला की एवढंच विचारायचे, "किती?"

"गुडघा."

महिन्याभरानं, "कंबर. काळजी करू नकोस, हंडे चढवलेत माळ्यावर."

पुढच्या प्रत्येक फोनला कंबरच. जानेवारीत कंबर, मार्चमध्ये कंबर. पाणी ठरलंय, आता उतरेल, असं मी धरून चालले. मुलाची परीक्षा होती, ऑफिसात मार्चअखेर होती. कारणं खरी होती. काकांनी ज्या मुलीला ऐकीव पाण्यावर चमचा हलवू दिला नाही, ती मी ठाण्यात बसून फोनवरच्या कंबरेवर दिवस ढकलत होते. एप्रिलमध्ये गेले तेव्हा दार तिच्या भावानं उघडलं. ती पलंगावर होती, आणि मला बघून म्हणाली, "तू उगीच आलीस, अजून कंबरच आहे." मग स्वतःच हसली.

मे महिन्यात ती गेली. ३७ वर्षांची होती. गंगेवर मी त्यानंतर दोन पावसाळे गेले नाही.

२०१९ साली आम्ही नाशिकला परतलो होतो. ४ ऑगस्टला, रविवारी, पूर आला. पोलीस पुलावर कुणाला थांबू देत नव्हते. पंचवटीच्या बाजूला गर्दीत एका दुकानाच्या पायरीवर मी उभी होते. मारुती कुठे असायला हवा तेवढंच कळत होतं. तिथं पाण्याला थोडा वळसा पडत होता. मोबाइल वाजला. काकू. त्या आता मुलाकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर. तिथं पाणी यायचं तर सगळं नाशिक बुडावं लागेल.

"कितीपर्यंत गं लागलं?"

"दिसत नाही काकू. बुडाला."

त्या जरा थांबल्या. मग नेहमीच्याच चिडक्या सुरात म्हणाल्या, "मग अजून तिथं काय करताय दोघी? या बघू घरी."

"आलोच," मी म्हटलं.