बिगोनियाच्या कंदाला जाग आणताना

ट्यूबरस बिगोनियाचा, म्हणजे कंदापासून वाढणाऱ्या बिगोनिया या फुलझाडाचा, कंद पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला त्याची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे चटकन उमगत नाही. मला तर उमगलेच नव्हते. चपटा, तपकिरी, वाळून आक्रसलेल्या मातीच्या गोळ्यासारखा तो कंद मी फुगीर बाजू वर करून लावला, सढळ हाताने पाणी घातले आणि पाच आठवडे वाट पाहिली. दोन कंदांपैकी एकाचा कोंब वाकडीतिकडी वाट काढत कुंडीच्या कडेने कसाबसा वर आला. दुसरा उकरून पाहिला, तर तो बोटाखाली लगद्यासारखा दबला आणि त्याचा आंबूस वास दोनदा हात धुऊनही जाईना. त्यानंतर या झाडाशी माझी जी काही ओळख झाली, ती मुख्यतः पाणी कधी घालायचे नाही हे शिकण्यातून झाली.

कंदाची खोलगट बाजू वर ठेवायची असते. मागच्या हंगामातले खोड जेथून गळून पडले, तीच ती खळगी. उजेडात नीट न्याहाळले तर तिच्या तळाशी किंवा कडेला मोहरीएवढे गुलाबी ठिपके दिसतात, ते डोळे. काहीच दिसत नसेल तर कंद मातीविना एखाद्या पसरट ट्रेमध्ये, साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या जागी आठ-पंधरा दिवस ठेवावा आणि डोळे फुगू लागले की मगच लावावा. निद्रिस्त कंदाला मुळे नसतात, त्यामुळे घातलेले पाणी त्याच्या उपयोगाचे नसते. ते नुसते भोवती साचून राहते आणि बुरशीला आमंत्रण देते. कंद विकत घेताना तो दाबून पाहावा. चार-पाच सेंटीमीटर व्यासाचा, टणक आणि हातात वजनदार वाटणारा कंद चांगला. कंद जितका मोठा तितके कोंब अधिक, हे बहुतेक वेळा खरे ठरते.

सुरुवात मोठ्या कुंडीत करू नये, कारण मुळे नसलेल्या कंदाभोवतीची ढीगभर माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. मी उथळ ट्रेमध्ये कोको पीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) यांचे मिश्रण घेते. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर एखाददुसरा थेंबच निघावा, इतपतच ते ओले असते. या कंदाची एक विशेष गोष्ट म्हणजे त्याला मुळे केवळ तळातून नव्हे, तर कडांमधून आणि वरच्या भागातूनही फुटतात. म्हणून तो नुसता मिश्रणावर टेकवून ठेवला तर निम्मी मुळे उघडी पडून वाळतात, आणि खोल पुरला तर खळगीत ओल साचते. मी प्रथम खळगीच्या काठापर्यंत मिश्रण भरते आणि कोंब दोन-तीन सेंटीमीटर उंच झाले की वर पातळ थर देते. पाणी नेहमी कंदाच्या बाजूने, चमच्याचमच्याने. जागा १८ ते २१ अंशांची हवी. कोंब दिसेपर्यंत उजेड नसला तरी चालतो, कोंब दिसल्यावर मात्र भरपूर हवा. रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाणे थांबेल त्या सुमारास झाडे बाहेर न्यायची असतील, तर त्याआधी साधारण आठ आठवडे कंद लावायला घ्यावेत.

आठ आठवड्यांचा हिशेब पाळण्याइतका धीर मला एका वर्षी नव्हता. दिवस लहान असतानाच मी खिडकीशी कंद लावले. कोंब आले, पाने आली आणि मग झाड चार इंचांवर ठप्प झाले. खताची कमतरता असावी असे वाटून मी खत दिले, तेही व्यर्थ गेले. कारण खतात नव्हते, दिवसाच्या लांबीत होते. ट्यूबरस बिगोनिया लांब दिवसांत वाढतो आणि फुलतो. दिवस सुमारे बारा तासांपर्यंत आखडला की तो पाने-फुले सोडून सारी पुंजी कंदात साठवू लागतो आणि झोपेची तयारी करतो. माझे झाड थंडीने गारठले नव्हते, हंगाम संपला असे समजून ते आवराआवर करत होते. तेव्हापासून लवकर सुरू केलेल्या रोपांवर मी एलईडी दिवा लावते आणि नैसर्गिक उजेड धरून दिवस चौदा तासांचा करते. दिवा प्रखर असण्याची गरज नसते. तो रोज ठरल्या वेळी लागणे महत्त्वाचे, म्हणून टायमर घेतला तो कायमचा.

या झाडाचे बाकीचे हट्टही त्याच्या मूळ गावावरून कळतात. आज घराघरांत दिसणाऱ्या संकरित जातींचे पूर्वज अँडीज पर्वतातले, बोलिव्हिया आणि पेरू या देशांतल्या थंड, दमट उंचीवरचे. १८६० च्या दशकात रिचर्ड पीअर्स या वनस्पतिसंग्राहकाने इंग्लंडमधल्या व्हीच रोपवाटिकेसाठी तेथून काही जाती पाठवल्या. त्यांपैकी बिगोनिया बोलिव्हिएन्सिस लाल-शेंदरी, लोंबत्या फुलांची, तर पीअर्सच्याच नावाने ओळखली जाणारी बिगोनिया पीअर्सी पिवळ्या फुलांची. आजच्या पिवळ्या आणि नारिंगी छटा प्रामुख्याने तिच्याकडून आल्या. त्याच रोपवाटिकेतल्या जॉन सीडन यांनी केलेला पहिला संकर १८७० मध्ये लोकांसमोर आला. टोपलीत लावायच्या लोंबत्या जाती पाहिल्या की बोलिव्हिएन्सिसचा वारसा ताबडतोब ओळखू येतो. डोंगरावरच्या गारव्यात वाढलेल्या या कुळाला पारा ३० अंशांपुढे गेलेला सोसत नाही: कळ्या गळतात, पानांच्या कडा करपतात. दिवसाच्या उष्णतेपेक्षाही रात्रीची उष्णता त्याला जास्त छळते. ज्यांच्याकडे उन्हाळा कडक असतो त्यांनी हे झाड उन्हाळ्याचे मानूच नये. लांब दिवस दिव्याने देता येतो, गार रात्र देता येत नाही.

ट्रेमध्ये मुळांचे जाळे धरले की दहा सेंटीमीटरच्या कुंडीत आणि तेथे मुळे कडेपर्यंत पोहोचली की वीस सेंटीमीटरच्या कुंडीत झाड हलवावे. माती भुसभुशीत, निचऱ्याची, कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत मिसळलेली असावी. हलवतानाच आधाराची काठी रोवून घ्यावी, कारण कंद कुठवर पसरला आहे हे तेव्हा डोळ्यांना दिसत असते. नंतर अंदाजाने काठी खुपसणारा कधी ना कधी कंदच भोसकतो (मी भोसकला आहे). काठी कोणत्या बाजूला लावायची हे पानांना विचारावे. बिगोनियाचे पान दोन्ही बाजूंनी सारखे नसते. त्याची एक बाजू रुंद, दुसरी आखूड, आणि टोक एका दिशेला झुकलेले असते. एका खोडावरच्या पानांची टोके ज्या दिशेला रोखलेली असतात, त्याच दिशेला पुढे फुलांची तोंडे होतात. म्हणून काठी पाठीमागे लावावी आणि कुंडी टोके आपल्याकडे येतील अशी ठेवावी. झाड फुलल्यावर फुलांनी भिंतीकडे तोंड केलेले पाहण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

जागा निवडताना सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची दाट सावली, एवढे सांभाळले तरी पुष्कळ.

कोंब अनेक आले तर मोठ्या फुलांच्या जातींत मी एकच खोड ठेवते, फार तर दोन. उरलेले कोंब सात-आठ सेंटीमीटरचे झाले की धारदार पात्याने बुडाशी कंदाचा इवलासा तुकडा घेऊन कापायचे आणि परलाइट मिसळलेल्या ओलसर मिश्रणात लावायचे. त्यांना काही आठवड्यांत मुळे धरतात आणि हंगामाच्या सुरुवातीला कापलेले असतील तर हंगाम संपेपर्यंत त्यांच्या तळाशी स्वतःचा छोटा कंदही तयार होतो. नवे झाड मिळवण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण बिगोनियाचा कंद निशिगंधासारखी पिल्ले देत नाही. तो वर्षागणिक नुसता मोठा होत जातो. कंद कापून वाटे करता येतात, पण कापलेली जागा कुजण्याची भीती मोठी असल्याने आवडत्या झाडावर हा प्रयोग मी करत नाही. बियांपासूनही रोपे करता येतात. मात्र बी धुळीइतके बारीक असते, मातीने झाकायचे नसते, आणि शिंकेबरोबर अख्खे पाकीट उडून जाऊ शकते.

कळ्या येऊ लागल्या की मन घट्ट करावे लागते. बहुधा कळ्या तीन-तीनच्या झुपक्यात येतात: मधली नर फुलाची आणि दोन बाजूंच्या मादी फुलांच्या. मादी कळीच्या पाठीशी तीन पंखांचे बीजकोश असते, त्यामुळे ती ओळखायला सोपी. गुलाबासारखे भरगच्च फूल हे नर असते. त्याचे पुंकेसरच पाकळ्यांत रूपांतरित झालेले असतात, तर शेजारच्या मादी फुलांना मोजक्या पाकळ्या असतात. बाजूच्या दोन्ही कळ्या लहान असतानाच चिमटीने खुडल्या तर मधले फूल आपला पूर्ण घेर धरते. झाड अंगाने भरेपर्यंत आलेल्या पहिल्या कळ्याही मी खुडून टाकते. हे काम सकाळी चहाआधी, फार विचार न करता उरकलेले बरे.

खत पातळ आणि थोडे द्यावे. नत्र जास्त झाले की पाने गडद निळसर हिरवी होतात आणि वाटीसारखी दुमडतात. झाड दिसते धष्टपुष्ट, पण खोड पाणचट राहते. कळ्या दिसू लागल्यावर पालाश (पोटॅश) अधिक असलेले द्रवखत पाकिटावर सांगितलेल्याच्या निम्म्या ताकदीने, पंधरवड्यातून एकदा, पुरते. रोगांत भुरीचा उपद्रव सर्वांत जास्त. पानावर पिठासारखा पहिला ठिपका दिसताच ते पान काढावे आणि कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढे अंतर ठेवावे. गळालेली पाकळी पानावर किंवा खोडाच्या बेचक्यात चिकटून राहिली तर तेथूनच करडी बुरशी शिरते आणि एका रात्रीत खोड मऊ पडते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून दूर असावी. झाडात, विशेषतः कंदात, त्यांना बाधणारी ऑक्झॅलेट असतात.

दिवस आखडू लागले आणि पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्यावे. या वेळी खोड ओढण्याचा मोह होतो, ओढू नये. माती कोरडी होत गेली की बोटभर उरलेले खुंट आपसूक सैल होते आणि एक दिवस नुसत्या स्पर्शाने सुटून हातात येते. त्याखाली गोल, स्वच्छ, कोरडा वण दिसतो. जबरदस्तीने तोडलेल्या कंदावर असा वण नसतो, ओली जखम असते, आणि साठवणीत कुजतात ते बहुधा हेच कंद. कंद काढून, माती हलक्या हाताने झटकून, आठवडाभर सावलीत सुकवून मी कोरड्या कोको पीटमध्ये खळगी वर करून ठेवते. जागा ५ ते १० अंशांची असली की उत्तम. गोठण बिंदूखाली मात्र कंद मरतो. प्रत्येकासोबत रंग लिहिलेली चिठ्ठी असते, कारण काढल्यावर पांढरा, शेंदरी आणि पिवळा हे तिघे सारखेच तपकिरी दिसतात. महिन्यातून एकदा एकेक कंद दाबून पाहायचा. मऊ लागला तर लगेच बाजूला काढायचा. किंचित सुरकुतला असेल तर तसाच राहू द्यायचा, पाणी शिंपडायचे नाही.