चांगलं आलेलं कास्टिंग कोण फोडतंय?

मागच्या शुक्रवारी बीएस्सी फायनलची एक मुलगी प्रोजेक्टची वही घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, रिझल्ट काय आला नाही, पण शिकायला लई मिळालं बघा." म्हटलं बरं, काय मिळालं सांग. गप्प. मग हळूच, "म्हणजे... कसं करायचं नाही ते कळालं." कसं करायचं नाही गं? परत गप्प. बिचारीचा काय दोष, 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे आपण बालवाडीपासून भिंतीवर वाचत आलोय, ती पायरी कुठल्या जिन्याची हे कोण विचारतंय.

मला विचाराल तर लॅबमध्ये यश जास्त शिकवतं. आता शिव्या घालू नका, आधी माझ्या एमएस्सीची गोष्ट ऐका.

प्रोजेक्ट होता काचेवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा, स्प्रे पायरोलिसिसने. म्हणजे झिंक अ‍ॅसिटेट पाण्यात विरघळवायचं, काचेची स्लाइड 400 डिग्रीच्या आसपास तापवायची आणि वरून बारीक फवारा मारायचा, अथणीकडे द्राक्षावर औषध मारतात तसा, फक्त नोझल लहान. पाणी उडून जातं आणि झिंक ऑक्साइड काचेवर बसतं. बसायला पाहिजे. आमचं बसायचं नाही. सेलोटेप चिकटवून ओढली की अख्खा थर टेपवर, नुसतं बोट फिरवलं तरी पावडर लावल्यासारखं पांढरं. मी टेंपरेचरच्या मागे लागले, 350, 360, 370 करत 450 पर्यंत, दोन महिने, वहीत 43 काचा आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द, 'निघाला'.

त्या 43 काचांनी मला काय शिकवलं? खरं सांगू, काहीच नाही. काच मळकी असली तरी थर निघतो, नोझल लांब असलं तरी निघतो, हवेचा दाब, द्रावण, टेंपरेचर, काहीही बिघडलं तरी निघतोच, आणि निघालेला थर बघून यातलं कुठलं कारण ते मला तरी ओळखता यायचं नाही. बिघडायच्या वाटा शंभर. जमायची एखाददुसरीच, त्यामुळे जमलं की निदान कुठे शोधायचं ते तरी कळतं.

मग आला 1 नोव्हेंबर. बेळगावकरांना सांगायला नको, सरकारी सुट्टी राज्योत्सवाची आणि आपल्या घरात काळा दिन, बाबा हाताला काळी फीत बांधून सकाळीच फेरीला गेलेले. आदल्या दिवशी मी स्लाइडी स्वच्छ व्हायला क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये टाकल्या होत्या, एरवी दहा मिनिटांत काढायची, त्या सुट्टीमुळे तिथेच राहिल्या. 2 तारखेला गेले, काढल्या, धुतल्या (आमचे लॅब अटेंडंट रोज ओरडायचे "चलो तोळीरी", नवीन लोकांसाठी सांगते, आपल्याकडच्या कन्नडात 'चलो' म्हणजे चांगलं, तर नीट धुवा), फवारा मारला, आणि थर बसला. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखा जांभळा-हिरवा रंग मारत होता. टेप ओढली, निघाला नाही. परत ओढली. नाही!

सगळ्यांना कुंदा, आपली बेळगावची मिठाई. निष्कर्ष काय तर काच दोन रात्री अ‍ॅसिडमध्ये पाहिजे, लिहा वहीत, पुढे चला.

संध्याकाळी उद्यमबागला काकांकडे गेले होते. काकांनी तीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायच्या कारखान्यात काढलीत. मी उत्साहात सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग फोडून बघितलंस काय?" काय फोडायचं? "आलेलं." आमच्या काकांची ही जुनी खोड. रिजेक्ट झालेलं कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघालेला ओतीव भाग, सगळेच फोडतात, ब्लो होल (हवेने पडलेलं भोक) कुठे आहे, साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली काय, रायझर (जादा धातू पुरवणारी वाट) कमी पडला काय. काका नवीन पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) आला की वरून एकदम चकाचक दिसणारं एक कास्टिंग बाजूला काढतात आणि करवतीखाली घालतात, मालक कितीही बोंबलू दे. "बाहेरून बरं दिसतंय म्हणजे आत बरं आहे असं कुणी सांगितलं? आणि बरं असलं तर का बरं आलं ते नको कळायला? उद्या परत कसं आणणार?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी सहा काचा घेतल्या, तीन नुसत्या साबणाने धुतलेल्या, तीन रात्रभर अ‍ॅसिडमधल्या. सहाही काचांवर थर बसला! मग ट्यूब पेटली. सुट्टीच्या आधीचं द्रावण बाटलीत गढूळ झालं होतं म्हणून 2 तारखेला मी नवीन केलं होतं, गढूळ होऊ नये म्हणून त्यात दोन थेंब अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडही टाकलं होतं, आणि हे वहीत लिहिलंच नव्हतं. जुनं द्रावण मारून बघितलं, निघाला. म्हणजे दोन महिने दोष टेंपरेचरला, नंतर श्रेय काचा बुडवायच्या अ‍ॅसिडला, आणि खरं कारण बाटलीच्या तळाशी बसलेलं. काका नसते तर मी आयुष्यभर नवस फेडल्यासारख्या काचा दोन-दोन रात्री बुडवत बसले असते.

यश जास्त शिकवतं म्हटलं की लोक मायकेल्सन आणि मोर्ली या अमेरिकन शास्त्रज्ञांचं नाव काढतात, जगातला सगळ्यात प्रसिद्ध फसलेला प्रयोग म्हणून. पण नीट बघा की. प्रकाश ज्यातून जातो असं मानलेल्या ईथरचा वारा मोजायचा प्रयोग मायकेल्सनने 1881 साली पॉट्सडॅमला केला होता, तेव्हाही काही सापडलं नव्हतं, पण उपकरण कच्चं आणि हिशोबातही चूक, म्हणून त्या 'नाही'ला कुणी फार किंमत दिली नाही. 1887 मध्ये क्लीव्हलंडला मोर्लीबरोबर परत केला, दगडाची मोठी फरशी पाऱ्यावर तरंगवली, आरसे लावून प्रकाशाची वाट लांबवली, आणि अपेक्षेच्या विसाव्या भागाएवढाही फरक दिसला नाही. उत्तर तेच, पण यावेळचं 'नाही' झिडकारता येईना, कारण उपकरण जबरदस्त चाललं होतं. 1907 चं नोबेल मायकेल्सनला मिळालं तेही अचूक उपकरणं आणि त्यावरच्या मोजमापासाठी. याला मी तरी फसलेला प्रयोग म्हणणार नाही.

चांद्रयान-2 चं तसंच. 2019 ला लँडर आपटला पण खाली जाताना बराच वेळ डेटा पाठवत होता, म्हणून तर काय चुकलं ते सापडलं. मुकाट्याने आपटला असता तर काय शिकणार होतो?

एमआयटीत अर्ल मिलर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये माकडांवर केलेला एक अभ्यास आहे. चित्र बघून डावीकडे बघायचं का उजवीकडे हे माकडाने शिकायचं. उत्तर बरोबर आलं की मेंदूतल्या पेशी पुढच्या वेळी जास्त नेमकं काम करायच्या, चुकलं की फारसा फरक नाही. म्हणून लगेच माणसांच्या रिसर्चला ते लावू नये, माकडाला बरोबर आलं की बक्षीस मिळतं आणि आम्हाला रेफ्रीच्या, म्हणजे पेपर तपासणाऱ्यांच्या कॉमेंट्स. तरी वाचताना माझ्या 43 काचा आठवल्याच.

तर त्या मुलीला मी शुक्रवारी परत पाठवलं, द्रावण नवीन कर म्हणून. माझाच जुना प्रोजेक्ट आहे तिचा, सांगितलं नव्हतं. सोमवारी धावत आली, हातात काच, जांभळी-हिरवी, "मॅडम, बसला! टेपने पण निघत नाही!"

"छान. का बसला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पंधरा वर्षांपूर्वी काकांकडे तसंच बघितलं असणार. "मॅडम, आता आलंय की!"

जुनी बाटली मी टाकू दिलेली नाही, खिडकीत आहे. उद्या तीन काचा तिच्यातल्या द्रावणाने करायला सांगितल्यात, तोंड पाडून गेली आहे.