ग्रॅव्ह होस्टिंगची नोंदवही: दर २,४०० वरून ३,००० का झाला

मागच्या नोंदीत एका साइटचा वार्षिक दर २,४०० रुपये धरला होता. तो परवडत नाही. आकडेमोड खाली आहे. त्यात स्वतःचे आकडे घालून पडताळून बघा.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रॅव्ह ही पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालणारी मुक्तस्रोत सीएमएस, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली, परवाना एमआयटी. डेटाबेस नाही. प्रत्येक पान म्हणजे 'यूजर' फोल्डरमधली एक मार्कडाउन फाइल (साध्या खुणा घातलेला मजकूर), टेम्प्लेट ट्विग या साचा-भाषेत. वाचनालय, हाउसिंग सोसायटी, बचत गट, हार्मोनियम दुरुस्तीवाले, अशा पाच-दहा पानांच्या साइट्सना भरपूर झाली. बेत असा की २ जीबी रॅमच्या एका व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर, अशा २० साइट्स चालवायच्या.

रॅमचा हिशेब पहिल्या दिवशीच करा. पीएचपी-एफपीएमची (सर्व्हरवर पीएचपी चालवणारा भाग) एक प्रोसेस साधारण ४० एमबी खाते असं धरू. प्रत्येक साइटला वेगळा पूल, म्हणजे प्रोसेसचा गट, आणि पूलमागे कमाल ५ प्रोसेस ठेवल्या, तर २० साइट्स मिळून १०० प्रोसेस, म्हणजे ४ जीबी. एरवी काही जाणवत नाही, पण एखादा बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्राम, एकाच वेळी सगळ्या साइट्स चाळू लागला की रॅम संपते आणि लिनक्स समोर येईल ती मोठी प्रोसेस मारतं. म्हणून पूलमागे कमाल २ ठेवा, पद्धत 'ऑनडिमांड' (मागणी आली की प्रोसेस सुरू), आणि जोडीला १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा). मग सर्वात वाईट वेळी १,६०० एमबी लागते आणि सर्व्हर उभा राहतो.

आता पैसे. सर्व्हर महिना १,००० रुपये: ८४७ अधिक १८ टक्के जीएसटी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी नसली की ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही आणि सर्व्हरवर भरलेला वळताही होत नाही. म्हणून पूर्ण हजारच धरायचे. बाहेरच्या बॅकअपची जागा महिना ३०० रुपये. दोन्ही मिळून वर्षाला १५,६००, साइट एक असो वा वीस.

साइटमागचा खर्च वेगळा. दर महिन्याला २० मिनिटं मदत, म्हणजे वर्षाचे ४ तास, तासाला ३०० रुपयांनी १,२००. दराच्या १० टक्के मूळ प्रकल्पाला, म्हणजे ग्रॅव्हला. पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्या कमिशनवर जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के.

२,४०० दर ठेवला तर १,२००, २४० आणि ५६.६४ वजा जाऊन साइटमागे ९०३.३६ उरतात. ठोक खर्च, म्हणजे वरचे १५,६००, भरून निघायला १८ साइट्स लागतात. वीसच्या वीस भरल्या तरी वर्षाअखेर हातात २,४६७ रुपये. पीएचपीचं एक मोठं अपग्रेड दिवसभर चाललं, म्हणजे ८ तास, की त्यातले २,४०० गेले. उरले ६७. चहापुरते.

३,००० ला १,२००, ३०० आणि ७०.८० वजा जाऊन १,४२९.२० उरतात. अकराव्या साइटला खर्च भरून निघतो, आणि विसाव्याला १२,९८४ शिल्लक राहतात, म्हणजे ४३ तासांचं बिनहिशेबी काम झेलता येतं. अवघ्या ६०० रुपयांच्या वाढीने शिल्लक पाचपट होते, कारण ठोक खर्च जागचा हलत नाही. साइट उभी करण्याचे ३ तास वेगळे, ९०० रुपये, एकदाच. डोमेन ग्राहकानेच स्वतःच्या नावावर घ्यायचं. आपल्या नावावर घेऊन दिलेलं डोमेन पुढे डोकेदुखी ठरतं, हे इथल्या बहुतेकांना सांगायला नको.

महिना २५० का नाही, असं विचारलं जातं. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत: आधी मँडेट, म्हणजे ग्राहकाची परवानगी, नोंदवा, प्रत्येक वेळी २४ तास आधी सूचना, मगच पैसे. त्यात काही वसुल्या अडकणारच. एका स्मरणपत्राला ३ मिनिटं धरली तरी २० साइट्स आणि १२ महिने मिळून १२ तास, म्हणजे ३,६०० रुपये, नुसते पैसे मागण्यात. वर्षातून एकदा यूपीआय, विषय संपला.

कोड फुकट आणि पैसे कसले, हा आक्षेप जुनाच आहे. एमआयटी काय किंवा जीपीएल काय, दोन्ही परवाने पैसे घ्यायला मना करत नाहीत. प्रश्न एवढाच की दर कशाला लावायचा. घोस्ट या मुक्तस्रोत ब्लॉग प्रणालीने २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर २५,००० पौंड मागितले, जवळपास १,९६,००० मिळाले, आणि पुढे ना-नफा संस्था होस्टिंगच्या वर्गणीवर चालली. कोड खुलाच राहिला. ऑक्टोबर सीएमएसने २०२१ मध्ये थेट सॉफ्टवेअरलाच पैशाचा परवाना लावला, आणि त्याच वर्षी विंटर सीएमएस नावाने फाटा फुटला. लोक कोडसाठी पैसे द्यायला कचरतात. अडल्यावर कोणीतरी उत्तर देईल यासाठी देतात.

म्हणून ही २० मिनिटं नेमकी कुठे जातात ते बघायला हवं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी मोजक्याच.

एसएसएल सर्टिफिकेट ('https' साठी लागणारं) मिळत नाही. ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा आयपीव्ही४ पत्ता, बरोबर असतो, तरीही फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एनक्रिप्ट नकार देतं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदीत, जुन्या होस्टचा एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, राहून गेलेला असतो. लेट्स एनक्रिप्ट आधी त्याच पत्त्यावर जातं, तिथला जुना सर्व्हर '४०४' (सापडत नाही) देतो आणि पडताळणी फसते. तो रेकॉर्ड काढा. मध्येच घाईने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका: एका नावासाठी तासाला ५ अपयशं झाली की थांबावं लागतं. आधी स्टेजिंगवर, म्हणजे त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर, चालवून बघा.

साइटवर अचानक '५००', म्हणजे सर्व्हरमधली चूक. दहातल्या नऊ वेळा कोणीतरी जीपीएम (ग्रॅव्हचं अपडेट आणि प्लगइन बसवणारं साधन) रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, म्हणून चालवलेलं असतं. कॅशच्या फाइलींची मालकी रूटकडे जाते, पीएचपीला त्या लिहिता येत नाहीत. मालकी परत साइटच्या यूजरला द्या, कॅश साफ करा. कायमचा इलाज म्हणजे अपडेटची स्क्रिप्टच त्या यूजरच्या नावाने चालवणं.

फोटो चढत नाही. इथे दोन वेगळे आजार एकसारखे दिसतात. '४१३' (फाइल फार मोठी) आला तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मर्यादा, मुळात १ एमबी. फाइल मुकाट नाकारली गेली तर पीएचपीची, मुळात २ एमबी. दोन्ही १६ वर न्या, आणि पोस्टची मर्यादा, जी ८ असते, २० वर. पण खरी गंमत पुढे आहे. ८००० बाय ६००० चा फोटो डिस्कवर ९ एमबी असला तरी पीएचपीची चित्रांची लायब्ररी जीडी तो उघडते तेव्हा प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात: १९२ एमबी. पीएचपीची मेमरी मर्यादा १२८. पान कोरं. मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा ब्राउझरमध्येच लांब बाजू २००० पिक्सेलवर आणून मग फोटो चढवा. ग्राहकाचा डेटाही वाचतो.

संपर्क फॉर्मची मेल स्पॅममध्ये जाते. 'प्रेषक' म्हणून फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता लावलेला असतो आणि मेल मात्र आपल्या सर्व्हरवरून निघते, त्यामुळे एसपीएफ आणि डीमार्क, म्हणजे प्रेषक खरा आहे का हे तपासणारे डोमेनचे नियम, जुळत नाहीत. प्रेषक साइटच्या डोमेनचा, 'उत्तर इथे पाठवा' मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा. पत्रपेट्या मात्र आपण चालवायच्या नाहीत. ते निराळं दुकान आहे.

मराठी साइट्सची एक खास तक्रार. 'एक टाइप' या संस्थेने केलेला मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट बहुतेक ठिकाणी लावतो, आणि वजन कमी करायला फॉन्ट छाटतो. देवनागरीचा युनिकोड पट्टा ठेवला, बाकी काढलं, की दोन गोष्टी मोडतात. शून्य रुंदीचा जोडक, झेडडब्ल्यूजे, त्या पट्ट्यात नाही; तो घालून टाइप केलेला 'दर्‍या' मधला अर्धा र बिघडतो. रुपयाचं चिन्हही त्या पट्ट्यात नाही, त्यामुळे दरपत्रकावरच चौकोन उमटतो किंवा भलत्याच फॉन्टमधलं चिन्ह येतं. ही दोन्ही अक्षरं वेगळी मागून घ्या आणि फॉन्टमधला जीएसयूबी तक्ता (जोडाक्षरं घडवणारा) काढू नका, नाहीतर 'क्ष', 'त्र' सुटे पडतील. तपासणीसाठी एक ओळ ठरवून ठेवा: 'क्षत्रिय तऱ्हा दर्‍या ₹५'.

पानांचे पत्ते रोमनमध्येच ठेवा. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, पत्त्यात ९ चिन्हं. व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची तीन ओळींची माळ होते आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते.

बॅकअपबद्दल एवढंच. ग्रॅव्हचा झिप बॅकअप त्याच डिस्कवर पडतो. ३०० एमबीची साइट, ११ प्रती, २० साइट्स: ६६ जीबी. ५० जीबीची डिस्क त्याआधीच भरते, आणि मग सगळ्याच साइट्स एकदम अडतात. फक्त 'यूजर' फोल्डर रात्री बाहेर पाठवा, ७ रोजच्या आणि ४ आठवड्याच्या प्रती ठेवा. दर तीन महिन्यांनी एक साइट रिकाम्या मशीनवर उभी करून बघा. त्यात हमखास सापडणारी चूक: अॅडमिनची खाती 'यूजर'मध्येच असतात म्हणून ती येतात, पण क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि एनजिनएक्सची फाइल राहून जाते.

मूळ प्रकल्पाला द्यायचे १० टक्के ओपन कलेक्टिव्ह या देणग्यांच्या साइटवरून वर्षातून एकदा. पैशांइतकीच नीट लिहिलेली बग नोंद कामाची: ग्रॅव्हची आणि पीएचपीची आवृत्ती, प्लगइनची यादी, लॉगमधल्या नेमक्या ओळी, आणि कोऱ्या इन्स्टॉलवर दोष येतो का ते. सुरक्षेतली खोट असेल तर उघड नोंद टाकू नका. गिटहबवर खासगी कळवायची सोय आहे.

पुढचं काम पीएचपी ८.२ वरून ८.३ वर जाण्याचं; ८.२ ला सुरक्षा दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच. पूल वेगळे असल्याने साइट्स एकेक करून हलवता येतात. सर्वात जास्त प्लगइन असलेली साइट आधी, ४८ तास लॉगवर नजर, मग पाच-पाचच्या तुकड्या. जुनं ८.२ शेवटची साइट हलल्यावर आठवडाभर तसंच ठेवायचं, मग काढायचं.